बादलीखालचा कांडर

डिसेंबर जवळ आला की आमचा फोन वाजायला लागतो. ह्यांची अंदमानला बदली होती, २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं. परत येऊन इतका काळ लोटला, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं, तरी "तुम्ही राहिलायत ना तिथे?" म्हणून नात्यातला, शेजारचा, नाहीतर नात्यातल्याच्या शेजारचा कुणीतरी फोन करतोच. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघायची असते, हॅवलॉकला दोन रात्री काढायच्या असतात. बोटीचं बुकिंग, मासे कुठे चांगले मिळतात, सगळं विचारून होतं, आणि मग आवाज जरा खाली येतो. "तिकडे साप फार आहेत म्हणे?"

परवा माझ्या जावेनेच विचारलं. मी म्हटलं, "अगो, राजापुरात राहून तू मला हे विचारतेस?"

आमचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे फुरशांचं माहेर. इंग्रजांच्या काळात मेलेलं फुरसं नेऊन दाखवलं की सरकार इनाम देत असे, इतकी त्यांची इथे बरकत. कातळावर अनवाणी जायचं नाही, लाकडाच्या ढिगात न बघता हात घालायचा नाही, अंथरूण झटकल्याशिवाय पडायचं नाही, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. माझे वडील साप मारू देत नसत, पण ओळखायला लावत. धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ. घोणस अंगावरच्या बदामांवरून. कांडर, म्हणजे तुमचा मण्यार, पांढऱ्या पट्ट्यांवरून. आणि नाग फण्यावरच्या दहाच्या आकड्यावरून. "दहाचा आकडा दिसला की दहा पावलं मागे," असं ते म्हणायचे. ही सगळी शिदोरी घेऊन मी अंदमानला गेले होते. साप म्हणजे आपल्याला काय नवीन!

सामान असल्यामुळे आम्ही चेन्नईहून बोटीने गेलो, तीन दिवस. पोर्ट ब्लेअरच्या गाराचरम्याला क्वार्टर मिळालं. मागे नारळ आणि सुपारी, पुढे फणस, तांबड्या मातीची उतरती वाट. तीन दिवस समुद्रात हेलकावे खाऊन परत राजापुरातच उतरलो की काय, असं वाटलं. फरक म्हटला तर घड्याळाचा. उन्हाळ्यात पाचच्या आत लख्ख उजाडायचं आणि डिसेंबरात सवापाचला दिवे लावायला लागायचे. ऑफिसातून येणारी माणसं काळोखातच घरी यायची. साप बाहेर पडायची वेळ आणि माणसं घरी यायची वेळ एकच. हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे दहा, वीज गेलेली. मी टॉर्च घेऊन न्हाणीत गेले, तर मोरीच्या तोंडाशी हातभर लांबीचा, काळपट तपकिरी, अंगावर पांढरट आडवी नक्षी असलेला साप. मी ओरडले, "कांडर!" हे धावत आले ते कपड्यांची बादली घेऊनच. सापावर ती उपडी घातली. बादलीवर वरवंटा ठेवला. वरवंटा पुरेसा वाटेना म्हणून त्यावर तांदळाचा डबा. मग न्हाणीचं दार ओढून, दाराच्या फटीत चादर कोंबून आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो. एवढा बंदोबस्त सेल्युलर जेलातही नसेल.

ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने सकाळी वंडूरहून एक मुलगा आला. वंडूरला जंगलाच्या कडेला संशोधन करणाऱ्यांचं एक ठाणं आहे, तिथे राहणारा. मूळचा पुण्याचा. नाव नाही लिहीत, त्याला आवडायचं नाही. मोटरसायकलवरून भिजत आला. त्याने आधी चहा मागितला, मग पुठ्ठ्याचा तुकडा मागितला. बादलीखाली पुठ्ठा सरकवला, सगळं उचलून अंगणात नेलं, आणि वाकून बघितल्यावर हसला.

"काकू, कवड्या आहे. बिनविषारी. पाली खातो. रात्रभर तोच घाबरला असेल."

त्याने मला जवळ बोलावून दाखवलं. मानेभोवती फिकट पट्टी, चपटं डोकं, बटणासारखे काळेभोर डोळे. म्हणाला, "कवड्याची नक्षी मानेकडे ठळक असते आणि शेपटीकडे विरत जाते. तुमच्याकडच्या मण्यारचं उलटं, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक."

मी म्हटलं, "बरं झालं, आता लक्षात ठेवीन."

"नका ठेवू," तो म्हणाला. "तो नियम तिकडच्या मण्यारचा. इथला मण्यार वेगळाच आहे."

तिथून माझी खरी शाळा सुरू झाली. मला वाटायचं, अंदमान भारतात म्हणजे प्राणीही भारतातले. तो म्हणाला, नकाशा तुमचा-आमचा, प्राण्यांना कुणी विचारलंय? ही बेटं म्हणजे ब्रह्मदेशाकडून समुद्रात उतरत आलेली डोंगरांची रांग. समुद्राची पातळी खाली होती तेव्हा जे काही आलं ते त्या बाजूने आलं, आणि मग पाणी चढल्यावर इथेच अडकून लाखो वर्षं आपलं आपलं घडत राहिलं. म्हणून इथला नाग तो आपला नाग नाही; अंदमानी नाग ही जातच वेगळी, या बेटांबाहेर कुठे नाही. मण्यारही तसाच, १९७८ साली वेगळी जात म्हणून त्याची नोंद झाली. चापडाही इथला स्वतःचा. नागराज मात्र आहे, तो दांडगा सगळीकडे पोचलेला. आणि ज्यांच्या धाकात मी वाढले ते फुरसं आणि घोणस? दोन्ही नाहीत. औषधालासुद्धा नाहीत.

औषधाचं म्हणाल तर तोच खरा घोळ. आपल्याकडे सर्पदंशावर जी लस देतात ती चार सापांच्या विषापासून करतात : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्या हाफकिनमध्येही ती होते. घोड्याला विष थोडं थोडं टोचायचं, आणि त्याच्या रक्तात जे तयार होतं ते आपल्याला द्यायचं. विष बहुतेक चेन्नईजवळच्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. पूर्वी साप मारून कातडी विकणारे हे लोक, आता साप पकडून, विष काढून परत सोडून देतात. हे सगळं ठीक. पण त्या चारांतला एकही साप अंदमानात नाही, आणि अंदमानातल्या सापांच्या विषापासून केलेली वेगळी लस नाही.

"मग इथे चावला तर?"

"तीच लस देतात. आणि श्वास थांबू नये म्हणून यंत्र तयार ठेवतात." मग बशीतली शेवटची खारी उचलत तो म्हणाला, "चावून घेऊ नका, एवढंच."

तेव्हापासून मी टॉर्च उशाशी ठेवू लागले, ती अजून ठेवते.

दहाच्या आकड्याचीही फजिती झालीच. मागच्या अंगणात सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालींचा, ढीग होता. तिथे माळीकाम करायला एक म्हातारा यायचा, रांचीवाला. छोटा नागपूरहून लाकूडतोडीला आणलेल्या लोकांच्या तिसऱ्या पिढीतला. तिथे त्या सगळ्यांना रांचीच म्हणतात. एकदा त्याने सोडण उचललं आणि हात तसाच हवेत ठेवून उभा राहिला. ढिगातून एक काळसर साप कमरेइतका वर आला आणि त्याने फणा काढला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. आकडा शोधत होते. आकडा नव्हता, एक पुसट डाग तेवढा होता, पाण्याचा थेंब सुकून राहावा तसा. नाग आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण वडिलांनी शिकवलेली खूण जागेवर नव्हती म्हणून मन मानेना. मी म्हातारबाबांना विचारलंसुद्धा, "नाग है क्या?" तो मान न वळवता म्हणाला, "अभी मत पूछो."

दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग फणा मिटला, साप ढिगाच्या दुसऱ्या बाजूने उतरला आणि गटाराकडे गेला. म्हातारबाबांनी सोडण परत होतं तिथे ठेवलं आणि त्या दिवसाचं काम बंद केलं. पैसे पूर्ण घेतले. योग्यच होतं.

आमच्या शेजारी बौदी राहायची, बौदी म्हणजे बंगालीत वहिनी. तिचे सासरे पन्नासच्या दशकात पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आलेले, जंगल तोडून जमीन करून राहिलेले. २०१८ साली नागपंचमी नेमकी १५ ऑगस्टला आली होती. नागपंचमीला मला पातोळ्या करायच्या होत्या आणि हळदीची पानं मिळेनात. बौदीने परसातून ओंजळभर आणून दिली आणि विचारलं, काय करतेस. मी सांगितलं : आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही, पानात उकडलेलं खायचं. ती म्हणाली, परवा माझ्याकडे ये, आमची मनसा आहे. बंगाली श्रावणाच्या शेवटच्या दिवशी ते मनसादेवीची पूजा करतात, सापांची देवी. दूध, केळी, निवडुंगाची फांदी. मी माझ्या पातोळ्यांचा डबा घेऊन गेले. पूजेच्या जागेवरून नजर वर गेली तर भिंतीवर नाग, मण्यार, चापडा असा फोटोंचा सरकारी तक्ता टांगलेला. मी बघतेय हे बघून बौदी म्हणाली, "देवी अपनी जगह, पहचान अपनी जगह."

आता हिरवीबद्दल सांगते.

सासूबाई दर हिवाळ्यात दोन महिने यायच्या. पहिल्या खेपेला सकाळी चहा घेत बसल्या असताना एकदम हाक मारली, "अगो, ही पाल खरी की प्लॅस्टिकची?" खिडकीच्या गजावर ती बसली होती. पोपटी. पोपटी म्हणजे नव्या केळीच्या पानासारखी, पाठीवर कुंकवाची बोटं टेकवल्यासारखे तांबडे ठिपके. आपल्या पाली रात्री ट्यूबलाइटमागून निघतात. ही भर उन्हात फिरते. अंदमानची दिवसाची पाल. तिचे सगळे भाऊबंद तिकडे मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्सला, आफ्रिकेच्या बाजूला. मधला सगळा हिंदी महासागर सोडून ही एकटी इकडे कशी आली, हे त्या मुलाने मला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा शेवट "कशीतरी आली" असाच झाला.

सासूबाईंचं पालींशी वैर. अंगावर पडली तर डोक्यावरून आंघोळ, चुकचुकली तर "सत्य आहे" म्हणून बोटाने जमिनीवर टकटक. पण हिरवीने त्यांना जिंकलं. एकदा केळीच्या शिकरणाची वाटी खिडकीत राहिली होती. ती गजावरून उतरली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि वाटीची कड चाटू लागली. लहानशी गुलाबी जीभ, मांजराच्या पिल्लासारखी. पोट भरल्यावर त्याच जिभेने स्वतःचा डोळा पुसला. पालींना पापण्या नसतात ना, त्यामुळे त्यांना तेच करावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई खिडकीत केळ्याचं कुसकरलेलं बोट ठेवू लागल्या. मला म्हणाल्या, "ही काही पाल नव्हे. पाल अशी गोड खाते होय?" राजापूरला परत गेल्यावर फोनवर मुलाची चौकशी आधी, हिरवीची नंतर, माझी शेवटी.

समुद्रातल्या सापाशी गाठ पडली ती हॅवलॉकला. नणंदेचं कुटुंब आलं होतं, भाचा अकरा वर्षांचा. राधानगरच्या किनाऱ्यावरून पुढे चालत गेलं की खडक लागतात. सूर्य नुकताच बुडालेला, भाच्याने चपला एका सपाट दगडावर काढून ठेवलेल्या. एक लाट आली, मागे गेली, आणि वाळूवर काहीतरी तसंच राहिलं. मला आधी सायकलची ट्यूब वाटली. मग ती ट्यूब चालू लागली.

निळसर राखाडी अंग, त्यावर एकसारखी काळी कडी, जाडी माझ्या मनगटाएवढी. वरचा ओठ पिवळा, हळद लागल्यासारखा. शेपटी वल्ह्यासारखी चपटी. पाण्यात ती उपयोगाची असेल, वाळूवर मात्र ओझंच. मागे नुसती ओढली जात होती आणि वाळूत एक उभी रेघ सोडत होती. पोटाचा मधला भाग फुगलेला. वाम मासा खाऊन आला होता. हे साप जवळपास वामींवरच जगतात, आणि खाल्लेलं पचवायला, कात टाकायला, अंडी घालायला जमिनीवर येतात. गोडं पाणीही लागतं त्यांना. पाऊस पडला की पिऊन घेतात. विष म्हणाल तर जहाल. आणि चावायची वृत्ती म्हणाल तर जवळजवळ नाही. तिथले कोळी त्यांना जाळ्यातून हाताने उचलून बाजूला टाकतात. मी मात्र भाच्याची कॉलर धरून ठेवली होती.

तो चपलांपासून दोन हातांवरून गेला. थांबला, जीभ बाहेर काढून हवा चाटली, आणि किनाऱ्यावरच्या महुव्याच्या मुळांत शिरला. आपल्याकडे मालवणला रापणीत समुद्रसाप येतात, पण ते पाण्यातच पिल्लं घालणारे. वाळूवर टाकलं की नुसते वळवळतात, पुढे सरकता येत नाही. हा आरामात घरी आल्यासारखा आला. भाचा कुजबुजला, "मामी, ह्याला आपण दिसलोच नाही." त्याला थोडं वाईट वाटलं होतं.

तीन वर्षांत आम्हाला चावलं ते एकच, आणि तो साप नव्हता. घोण. तिकडे कानखजूरा म्हणतात. वीतभर लांब, तांबूस, चपटी, आणि चपळ इतकी की झाडू आपटेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत. ह्यांनी पहाटे बुटात पाय घातला आणि दुसऱ्याच क्षणी बूट भिंतीवर. माणूस रात्रभर पाय धरून बसला. बौदी येऊन म्हणाली, आता तुम्ही इथले झालात.

मगरीचं लोक फार विचारतात म्हणून थोडक्यात. आपल्या चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, पुरात रस्त्यावरही येतात. ती गोड्या पाण्याची जात. अंदमानातली खाऱ्या पाण्यातली, आकाराने दुप्पट म्हणा, आणि तिला समुद्र पोहून जाणं काहीच नाही. २०१० साली हॅवलॉकला एका अमेरिकन पर्यटक मुलीचा तिने जीव घेतला. किनाऱ्यांवर पाट्या आहेत, वंडूरला पोहायच्या जागेला जाळी आहे. आमचे एक पाहुणे, मोठे पोहणारे, जाळीच्या बाहेर जाऊन दाखवतो म्हणाले. जीवरक्षकाने शिट्टी फुंकून फुंकून त्यांना परत आणलं. ते दिवसभर रुसले होते. रुसू देत.

एक बघायचं राहिलं ते नारकोंडम. जेमतेम सात चौरस किलोमीटरचं बेट, आणि तिथे एक धनेश आहे जो जगात दुसरीकडे कुठेही नाही. आमच्याकडे देवरुखच्या देवराईत मोठा धनेश दिसला तरी लोक गाडी थांबवतात. इथे एक अख्खी जात एका बेटावर तगून आहे. तिथे रडार बसवायचं घाटत होतं, २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नाही म्हटलं. ह्यांच्या ऑफिसातला एकजण बोटीवरून जाताना लांबून ते बेट बघून आला होता. नुसतं बेट. त्यावरही तो महिनाभर बोलला.

आणि आता बेडूक. सांगायला मला जरा लाजच वाटते.

२०१७ चा जून. वंडूरहून संध्याकाळी परत येत होतो. दुपारभर पाऊस कोसळून थांबलेला. रस्त्याच्या कडेला भाताची खाचरं पाण्याने भरलेली, आणि त्यातून आवाज, डरांव डरांव, शेकडोंचा, छातीत घुमणारा. मी ह्यांना स्कूटर थांबवायला लावली. राजापूरला पहिल्या पावसाच्या रात्री पडवीत बसून ऐकायचा तोच आवाज. खाचरात पिवळेधमक नर फुगून बसलेले, गालाखाली निळे फुगे. गोव्यात चोरून 'जंपिंग चिकन' म्हणून खातात तेच हे बेडूक. वर्ष झालं होतं घर सोडून. मला रडूच आलं. मोबाइलवर मिनिटभर आवाज टिपला आणि घरच्या ग्रुपवर टाकला : "ऐका, आपला पाऊस इथेही पोचला!" कौतुकाने त्या मुलालाही पाठवला.

दहा मिनिटांत त्याचा फोन. "काकू, हे कुठे ऐकलंत? जागा नेमकी सांगा. रस्त्याच्या कुठल्या हाताला? किती असतील?"

मला वाटलं, त्यालाही पुणे आठवलं. त्याला नोंद करायची होती. हे बेडूक अंदमानचे नाहीतच. मुख्य भूमीवरून मत्स्यशेतीसाठी माशांची पिल्लं आणतात, त्यांच्या पाण्यातून आले असावेत असा अंदाज. गेल्या काही वर्षांत एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पसरत चाललेले. तोंडात मावेल ते गिळतात, कोंबडीची पिल्लंसुद्धा. आणि त्यांची शेपटीवाली पिल्लं त्याच डबक्यातल्या इथल्या बेडकांची पिल्लं खाऊन टाकतात. एका डबक्यात दोघांची वाढ झाली तर शेवटी बेडूक एकाच जातीचे निघतात.

"तुमचा व्हिडिओ चांगला आहे," तो म्हणाला. "आवाज स्पष्ट आलाय."

ग्रुपवर तोवर सतरा हृदयं आली होती.

त्यानंतर मला काहीच धड बघता येईना. रॉस बेटावर पाहुण्यांना घेऊन जायची तेव्हा चितळं हातातून पाव खायची. सगळ्यांचे फोटो झाले की मी खाली बघायची. जंगलात मोठी झाडं आणि मधे नुसती जमीन, रोपटं औषधालाही नाही. चितळं इंग्रजांनी आणून सोडली. वाघ नाही, बिबट्या नाही, त्यामुळे जे उगवतं ते खाल्लं जातं. पोहून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातात. साळुंकी? तीही आणलेली, १८६० च्या दशकात, कर्नल टायटलर नावाच्या साहेबाने. त्याच्या बायकोच्या नावाचा डोंगर म्हणजे माउंट हॅरिएट (२०२१ पासून माउंट मणिपूर), आपल्या जुन्या वीसच्या नोटेवर मागे जे नारळ आणि समुद्र होते तो तिथूनच दिसणारा देखावा. बौदी रात्री मिठाचा डबा आणि टॉर्च घेऊन भाजीच्या वाफ्यात ज्या मुठीएवढ्या गोगलगाई वेचायची, त्या आफ्रिकेतल्या. १९४२ ते ४५ ही बेटं जपान्यांच्या ताब्यात होती तेव्हा आल्या म्हणतात. हत्तीसुद्धा! लाकडाच्या एका कंपनीने १९६२ च्या सुमाराला धंदा गुंडाळला आणि चाळीसएक हत्ती इंटरव्ह्यू बेटावर तसेच सोडून दिले. त्यांची पिल्लावळ रानटी झाली.

जे जे बघून मला घरच्यासारखं वाटत होतं ते सगळं बाहेरून आलेलं निघालं. आणि बादलीखाली रात्रभर कोंडलेल्या त्या कवड्याबद्दल त्या मुलाला विचारलं, तर म्हणे त्याचंही नक्की नाही. ही जात सामानातून फार फिरते. क्वार्टरमधली आम्ही दोघं कुठली, ते त्याने विचारलं नाही.

२०१९ च्या मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. तेवीस खोकी झाली. बांधाबांध चालू असताना हिरवी रोज खिडकीतून आत यायची, खोक्यांवरून फिरायची, चिकटपट्टीचा वास घ्यायची. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "घेऊन ये की तिला. एका डब्यात भोकं पाडून." गंमतीत म्हणाल्या असतील, पण माझ्या पोटात गोळा आला. मी शेवटचे दोन दिवस खिडक्या लावून घेतल्या आणि तिचं केळं बाहेर फणसाच्या बुंध्यावर ठेवलं.

बोटीच्या आदल्या रात्री अकरा वाजता चौदा नंबरच्या खोक्यात खुडबुड ऐकू आली. हे म्हणाले, भास आहे, झोप. मी सुरी आणून पट्टी कापली. सगळी भांडी एकेक करून बाहेर काढली, वर्तमानपत्रं उलगडली. तळाशी, खलबत्त्यामागे, एक पाल होती. हिरवी नव्हे. राखाडी, साधी, ट्यूबलाइटमागची. आमच्याबरोबर २०१६ साली राजापूरहून आलेल्यांतली की इथलीच, कोण सांगणार.

झाडूवर घेऊन तिला बाहेर सोडली, आणि भांडी परत भरायला घेतली.